बाराव्या होलवर आम्ही तिघेच होतो

संपादकांचा निरोप असा की, तुम्ही चाळीस वर्षं गोल्फच्या मैदानावर काढलीत, तेव्हा दिवाळी अंकासाठी तिथल्या गमतीजमती लिहा, जरा हलकंफुलकं असू द्या. हलकंफुलकं लिहायचं तर चार ओळींत आटपेल. मोठी माणसं बॉल हरवतात, बॉलला शिव्या देतात, बॉल सापडला की एकमेकांच्या पाठी थोपटतात आणि जेवायला जातात. झालं. ह्याच्यावर अंकाची पानं अडवायला मला लाज वाटते. मला लिहायचं आहे ते कोरोनाच्या वर्षीच्या स्पर्धेबद्दल, आणि ते लिहिताना माझं डोकं अजून तापतं. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

वाईच्या वरच्या अंगाला माळावर एक गोल्फचं मैदान आहे. तिथं मी आधी कॅडी होतो आणि शेवटची सतरा वर्षं कॅडी मास्टर, म्हणजे सगळ्या कॅडींवर देखरेख करणारा. सगळे मला 'मास्तर' म्हणायचे, त्यामुळं गावात नव्या माणसाला मी शाळेतला वाटतो. क्लबचं नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

धंदा काय असतो ते आधी सांगतो, कारण आपल्याकडं गोल्फ म्हटलं की 'काठीनं चेंडू ढोसायचा आणि गाडीत बसून त्याच्या मागं जायचं' एवढंच लोकांना ठाऊक. तसं ते चूक नाही. मैदानात अठरा होल. प्रत्येक होलची एक लांबच लांब पट्टी, मधे कापलेलं आखूड गवत, दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाढू दिलेलं. त्या वाढलेल्या गवताला रफ म्हणतात. बॉल कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा. कॅडीनं बॅग वाहायची, अंतर सांगायचं, वारा सांगायचा आणि रफमध्ये गेलेला बॉल शोधायचा. अंतर आणि वारा आपल्यालाच कळतो असं प्रत्येक मेंबरला वाटतं. बॉल शोधायला मात्र आम्ही लागतो.

आता ह्या खेळात एक मोठी मजा आहे. क्रिकेटसारखा अंपायर इथं डोक्यावर उभा नसतो. खेळाडूनं आपली चूक आपणच सांगायची, आपला दंड आपणच लावून घ्यायचा. 'सभ्य माणसांचा खेळ' अशी पाटी आमच्या क्लबच्या जेवणघरात इंग्रजीत लावलेली होती. ती पुसायचं कामही आमच्यातल्याच एकाकडं होतं.

त्या पाटीचं खरं सांगतो. मी कॅडी म्हणून लागलो तेव्हा आम्ही अनवाणी असायचो. पहिल्या महिन्यातच जुन्या कॅडींनी मला पायाची कला शिकवली. साहेबांचा बॉल दगडाआड नाहीतर झुडपात सापडला, तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात तो धरायचा, चार पावलं चालत मोकळ्यावर आणायचा, अलगद सोडायचा, आणि हात पाठीमागं बांधून आभाळाकडं बघत उभं राहायचं. साहेब येतात, बॉल बघतात, 'वा, नशीब चांगलं आहे' म्हणतात. पुढं क्लबनं आम्हाला बूट घातले तेव्हा बुटाच्या कडेनं तेच काम सुरू झालं. एक गुडघा ढिला सोडायचा, त्या बाजूचा कुल्हा जरा खाली जातो, पाय कडेनं सरकतो आणि नजर वर. ह्यात माझा हात धरणारा, म्हणजे पाय धरणारा, कुणी नव्हता. मी किती जणांना शिकवलं त्याची गणती नाही.

मेंबरांना हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं तर मला हसू येईल. सांगलीकडचे एक द्राक्ष बागायतदार दर रविवारी यायचे. पहिला फटका रफमध्ये घालवला की माझ्याकडं वळून शांतपणे विचारायचे, "मास्तर, आज माझं नशीब कुठल्या झाडाखाली ठेवताय?" आमचे सेक्रेटरी, जे पुढं ह्या गोष्टीत येणार आहेत, तेही खेळायचे. त्यांचा बॉल गेल्या दहा वर्षांत एकदाही दगडाला खेटून सापडला नाही. एवढ्या दगडांच्या माळावर हे कसं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. फक्त साताऱ्याच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्या लांबून ओरडायच्या, "पाय उचल, बॉलला हात लावू नकोस, पाय लावू नकोस, नुसता उभा राहा." दगडाआडचा बॉल त्या दगडाआडूनच मारायच्या आणि हरायच्या. त्यांची बॅग घ्यायला आमच्यातलं कुणी राजी नसायचं. त्यांच्यापुढं आपल्याला आपण उगाच लहान वाटायचो.

जिच्यासाठी हे लिहितोय ती शालन गवत कापणाऱ्या बायकांच्या टोळीत आली ती अशी. आष्ट्याचे आनंदा मुकादम आमच्याकडं गवताचं बघायचे. त्यांनी तिला लावून घेतली. माहेर कवठे महांकाळच्या बाजूला, सासर मैदानाच्या खालच्या वाडीत. बॉल शोधण्यात तिचा डोळा असा की आमचे जुने कॅडी तोंडात बोट घालायचे. हिवाळ्यात गवत वाळून पांढरं पडतं, त्यात पांढरा बॉल दिसत नाही. ही बॉल पडताना बघायची, सरळ चालत जायची आणि बॉलपाशी उभी राहायची. मी एकदा विचारलं, हे कुठं शिकलीस. म्हणाली, आमच्याकडं माळावर शेरडं राखायची तर नजर लांब ठेवावी लागते, आणि आमच्याकडं तुमच्यासारखं गवतच न्हाई, म्हणून इथं गवत सोडून बाकीचं चटकन दिसतं.

तिला मी कॅडींच्या बरोबरीनं स्पॉटरचं काम द्यायला लागलो. स्पॉटर म्हणजे रफच्या कडेला उभं राहून बॉल कुठं पडला ते बघणारा माणूस. बॉलजवळ वीतभर अंतरावर लाल झेंडा रोवायचा, दहा पावलं मागं सरायचं, खेळाडू येईपर्यंत हलायचं नाही. मी तिलाही पायाची कला शिकवायला गेलो. तिनं माझ्या बुटाकडं बघितलं आणि म्हणाली, "हलवायचाच आसंल तर शोधायचा कशाला, मास्तर?" मी हसण्यावारी नेलं. चारचौघांत सांगितलंसुद्धा, ही बाई अजून कच्ची आहे म्हणून.

नऊ वर्षं ती रोजावर होती. कायम व्हायची फाईल कितीदा गेली आणि परत आली. कायम झालं की क्लबच्या आवारात क्वार्टर मिळायचं. दोन खोल्या, आणि आत नळ. तिचं सासरचं घर म्हणजे दोन दिरांचा संसार एका छपराखाली, पाणी विहिरीवरून. लेक दहावीला. शालनला त्या क्वार्टरचा ध्यासच लागला होता. रिकाम्या क्वार्टरच्या दारावरून जाताना ती खिडकीतून आत बघायची आणि मला सांगायची, पोरीची अभ्यासाची जागा त्या कोपऱ्यात. एकदा म्हणाली, नळ घरात असल्यावर बाई दिवसाचं काय काय करील ओ.

मग कोरोना आला. मैदान बंद, कॅडी घरी. चाळीस-पंचेचाळीस घरं ह्या कामावर चालायची. एका मेंबरनं फोन करून कुणाची विचारपूस केली नाही. हां, ग्रीनची मात्र विचारपूस झाली. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं मऊ गवत, ते रोज कापलं नाही तर जातं. ते मरू नये म्हणून शालन आणि आणखी दोघी पोलीस चुकवून ओढ्यातून वर यायच्या आणि कापून जायच्या. मुकादमांनी क्लबकडं तिच्यासाठी रदबदली केली ती ह्याच जोरावर. हिवाळ्यात बाहेरची मोठी व्यावसायिक स्पर्धा आमच्याकडं येणार असं ठरलं, तेव्हा सेक्रेटरींनी तिला बोलावून सांगितलं की स्पर्धा नीट पार पडू दे, पुढच्या पहिल्या तारखेला तुझं पत्र.

त्या स्पर्धेला प्रेक्षकांना मनाई होती. एरवी अशी स्पर्धा आली की खालच्या वाड्यांतली माणसं सहकुटुंब वर यायची. खेळ कुणाला कळत नव्हता. बांधावर बसून भेळ खायची आणि बॉल पडला की सगळे एका सुरात ओरडायचे, "त्यो तितं हाय!" खेळाडू वैतागायचे, सेक्रेटरी माइकवरून गप्प बसवायचे. त्या लोकांची किंमत मला त्या वर्षी कळली. दोन-तीनशे डोळे बांधावर असले की कुणाचा पाय सरकत नाही.

नियम कडक होते. कॅडींनाही बंदी, बॅग ज्याची त्यानं चाकाच्या ढकलगाडीवर ओढायची. सगळ्यांत मिळून आठ जणांना स्पॉटर म्हणून घेतलं, चार कॅडी आणि चार गवतकापणीच्या बायका, आणि वर मी. नाकात काडी घालून तपासलं आणि दहा दिवस आवारात डांबलं. त्याला ते लोक बबल म्हणायचे, आम्ही कोंडवाडा म्हणायचो. बायका एका स्टोअररूममध्ये, आम्ही बॅडमिंटनच्या हॉलमध्ये गाद्या टाकून. घरी जायचं नाही, फाटकावर कुणाला भेटायचं नाही. शालनची लेक तापानं आजारी पडली तेव्हा ती फाटकाच्या अलीकडून आणि लेक पलीकडच्या रस्त्यावरून, अशा दोघी फोनवर बोलल्या. मी म्हणालो, जातीस का, मी बघतो. तर म्हणाली, आता ह्या चार दिसासाठी कशाला, आणि पुन्हा कामाला उभी राहिली.

शेवटच्या दिवशीची गोष्ट. टीव्हीचे कॅमेरे फक्त शेवटच्या तीन होलना होते. बारावा होल टेकडीच्या पाठीमागं, तिथं ना कॅमेरा, ना माणूस. डाव्या रफमध्ये जमिनीतून कातळ वर आलेला आहे. त्या बाजूला शालन उभी होती. मी तेराव्याच्या बांधावर, शंभरेक पावलांवर, उंचावर.

तिघे खेळाडू आले. दोघांचे फटके उजवीकडं लांब गेले. तिसऱ्याचा, तो पिवळी टोपी घातलेला, डावीकडं रफमध्ये. त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्याचे वकील ह्या अंकाच्या मागं लागतील. त्या दिवशी तो पहिल्या पाचांत होता. शालन चालत गेली, कातळापाशी वाकून बघितलं, झेंडा रोवला आणि मोजून दहा पावलं मागं झाली. बॉल कातळाला खेटून पडलेला. तिथून मारायचा तर काठी मोडेल. नाहीतर एक फटका दंड घेऊन बॉल बाहेर काढायचा. हे मला झेंड्याच्या जागेवरूनच कळलं. त्या कातळाची आणि माझी जुनी ओळख आहे.

तो एकटाच ढकलगाडी ओढत आला. बॉल बघितला. मग मान वळवून उजवीकडच्या दोघांकडं बघितलं, ते पाठमोरे होते. झेंडा उपटून हातात घेतला. माझ्याकडं पाठ केली. शालन समोर उभी होती, पण ती त्याला दिसतच नव्हती म्हणा. गवत कापणारी बाई, तोंडाला फडकं. त्यानं तिला माणसांत धरलंच नाही. आणि मग त्याचा डावा गुडघा ढिला पडला, कुल्हा खाली गेला आणि मान वर, आभाळाकडं. मला बॉल दिसला नाही. पण ती हालचाल मी चाळीस वर्षं केली, शिकवली, लांबून ओळखली.

शालननं हात वर केला आणि सरळ आवाजात म्हणाली, "आवं सायेब, बॉल हालला. तुमचा पाय लागला."

तो दचकला. त्याला मराठी कळत नसावं, पण हात वर गेलेला कळला, तिचं बोट त्याच्या बुटाकडं होतं ते कळलं. मग त्यानंच रेफ्रीला बोलवा म्हणून उलटा गलका केला. आता इथला नियम सांगतो. खेळाडूनं स्वतः बॉल सोयीचा करून घेतला तर दंड बसतो आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर स्पर्धेतून काढतात. बाहेरच्या माणसाच्या धक्क्यानं हलला तर दंड नाही, बॉल मूळ जागी ठेवायचा, आणि मूळ जागा नक्की माहीत नसेल तर अंदाजानं. म्हणजे पायाचा आळ एकदा शालनवर गेला की तो सुटला आणि जागाही मोकळी मिळाली.

मी बांधावरून धावत आलो. गाडीतून रेफ्री आला, बरोबर आमचे सेक्रेटरी. खेळाडू म्हणाला, मी येताना बघितलं, ही बाई गवत तुडवत होती, तिच्या पायानं बॉल उडाला, मूळचा इथंच कुठंतरी मोकळ्यावर होता. रेफ्रीनं शालनला हिंदीत विचारलं. ती मराठीत बोलली, मी शब्द न शब्द सांगितला. बॉल कातळाला चिकटून होता, मी झेंडा लावला, मागं सरले, सायबांनी झेंडा काढला आणि पायानं बॉल बाहेर घेतला. तिनं झेंड्याचं भोक दाखवलं. त्या भेगाळलेल्या मातीत तसली पन्नास भोकं होती. रेफ्री माणूस वाईट नव्हता. त्यानं नीट ऐकलं, मग माझ्याकडं वळला आणि विचारलं की, बॉल हलताना तुम्ही बघितलात का.

खरं काय ते सांगायचं तर मला म्हणावं लागलं असतं की बॉल बघितला नाही साहेब, पण ह्याचा गुडघा बघितला, आणि ह्या गुडघ्याचा अर्थ मला ठाऊक आहे कारण हा धंदा मी जन्मभर केला, आणि हे जे तुमच्या शेजारी मास्क लावून उभे आहेत त्यांच्यासाठीही केला. सेक्रेटरी माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बॉल नाही बघितला, सर."

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच मला त्या वाक्याची किळस येते.

रेफ्री अजून घुटमळत होता. तेव्हा सेक्रेटरी पुढं झाले आणि अगदी समजूतदारपणे म्हणाले की, आमच्या इथल्या लोकांना ही सवय आहे, मेंबरांचा बॉल सोयीच्या जागी सरकवतात, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, बिचाऱ्यांना व्यावसायिक स्पर्धेतला फरक कळत नाही. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसत होते. दहा वर्षं ज्या सवयीवर ह्या माणसानं कप जिंकले, ती सवय त्यानं तिथल्या तिथं त्या एकाच बाईच्या पदरात टाकली जिनं ती कधी उचलली नव्हती. आणि ज्यानं ती सवय लावली तो मी, शेजारी हात बांधून उभा होतो.

बॉल मोकळ्यावर ठेवला गेला. खेळाडूनं तिथून सुरेख फटका मारला, हे कबूल करायला हवं. शेवटी तो एका फटक्यानं तिसरा आला. रेफ्रीनं कागद केला, त्यावर माझं वाक्य लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

पहिली तारीख आली, शालनचं पत्र आलं नाही. तिला बोलावून सांगितलं की, माफीचा कागद द्यावा लागेल, 'चुकून माझा पाय लागला आणि घाबरून मी खेळाडूचं नाव घेतलं' असा. तो दिला की पत्र देऊ, नाहीतर रोजावरचं कामही बंद. तिनं सही केली नाही. मग सेक्रेटरींनी मला बोलावलं. म्हणाले, मास्तर, तुमचं ऐकेल ती, तुम्ही समजावा, एवढ्याशा गोष्टीसाठी बाईचं नुकसान कशाला.

आणि मी गेलो. ह्याचाच मला आज जास्त राग येतो. टाइप केलेला कागद घडी घालून खिशात घेऊन मी खालच्या वाडीत तिच्या दारात गेलो. तिनं मला बाहेर ओट्यावर घोंगडं टाकून बसवलं, चहा दिला. लेक आत मोबाईलवर शाळा करत होती. मी क्वार्टरचं बोललो, नळाचं बोललो, लेकीच्या अभ्यासाच्या कोपऱ्याचं बोललो. तिच्याच स्वप्नाची एकेक वस्तू काढून तिच्यापुढं मांडली. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मास्तर, तुमी वर उभं हुता. माझा पाय लागला का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मग कुणाचा लागला?"

मी म्हणालो, त्याचाच. गुडघा सोडला त्यानं, मी वळखलं.

तिनं कागद उलगडला, सगळा वाचला आणि माझ्या हातात परत दिला. "मग तुमीच करा की ह्याच्यावर सही. पायाची सवय तुमाला हाय, मला न्हाई."

चहा अर्धा टाकून मी उठलो. चिडलो होतो तिच्यावर. घरापर्यंत चालत येताना मी तिला मनात काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हट्टी, आगाऊ, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी. दोन दिवस तसाच धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी राग उतरला तो तिच्यावरचा उतरला आणि सगळा माझ्यावर चढला.

मी चार पानी अर्ज लिहिला. मला काय दिसलं, ते मला कसं कळलं, पायाची कला काय, ती कुणासाठी चालायची, सगळं. कमिटीपुढं जाऊन वाचून दाखवला. समोर पाच जण होते. पाचांपैकी चौघांचे बॉल मी स्वतः उचललेले. कुणी माझ्याकडं बघेना. एक जण टेबलाची कड नखानं खरवडत होता. सेक्रेटरींनी फाईल उघडली, रेफ्रीचा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, ही सही तुमचीच ना? 'बॉल बघितला नाही' असं तुम्हीच सांगितलंत. आता कोणाच्या सांगण्यावरून शब्द फिरवताय? मी म्हणालो, बॉल नाही, माणूस बघितला. ते म्हणाले, नियम बॉलबद्दल विचारतो. मग त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि चहा मागवला. पाच कप आले, मला धरून सहा होत होते.

शालनचं काम बंद झालं. मुकादमांनी पुष्कळ धडपड केली, त्यांनाच गप्प बसायला सांगितलं. ते क्वार्टर वर्षभर कुलूप लावून तसंच पडून होतं, मग त्यात खतांची पोती ठेवली. नळ आहे आत अजून. मी पुढं दीड वर्ष नोकरी केली. राजीनामा तोंडावर मारायला पाहिजे होता, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. पण मारला नाही. माझं घर त्याच पगारावर होतं, आणि खरं सांगायचं तर तोवर ताठ उभं राहायची सवयच गेली होती. एक मात्र केलं. नव्या कॅडींना पायाची कला शिकवणं बंद केलं आणि कुणी करताना दिसला तर त्याला दिवसभर बाकावर बसवला. मेंबरांच्या तक्रारी आल्या की कॅडींचा दर्जा घसरला आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मला वाटलं की छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवावं. शालन आता ओझर्ड्याच्या रस्त्याला एका रोपवाटिकेत असते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, रांगा मांडायच्या. लेक साताऱ्याला कॉलेजात आहे. मी उन्हं उतरताना गेलो. तिनं मला पालथ्या पाटीवर बसवलं आणि काम चालू ठेवलं. मी पानं काढून वाचायला लागलो. पहिल्या खर्ड्यात मी तिचं नाव बदललं होतं. तिनं तिथंच थांबवलं. म्हणाली, नाव माझंच ठेवा, मी काय चोरी केली न्हाई. मी पेन्सिलीनं दुरुस्त केलं आणि पुढं वाचलं. डॉक्टरीणबाईंचं आलं तेव्हा ती जराशी हसली. मी कागद घेऊन तिच्या दारात गेल्याचं आलं तेव्हा खाली बघून माती दाबत राहिली. शेवटपर्यंत तिनं एकदाही हात थांबवला नाही.

वाचून झालं. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. काय ऐकायची आशा होती कुणास ठाऊक. झालं गेलं म्हणेल, चांगलं लिहिलंय म्हणेल.

तिनं हातातली पिशवी रांगेत ठेवली. "संपलं?"

"व्हय."

"तवा एक वाक्य पुरलं असतं, मास्तर. आता एवढी पानं कशाला?"

मी पानांची घडी घातली. तिनं पुढची पिशवी भरायला घेतली. ते वाक्य तेवढं इथं लिहून ठेवतो, कारण ते माझ्या सहीच्या कागदावर नाही. त्या दिवशी बाराव्या होलवर बॉल खेळाडूनं पायानं हलवला, शालन मारुती खरातनं हलवला नाही, आणि मी ते बघितलं.